जुन्या बोट-यंत्राचें पॅकिंग कोठें शोधावें?

देगलूर हें गांव समुद्रापासून शेंकडों मैल आंत आहे. नांदेडहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचा हा बाजार. येथें ट्रॅक्टर, विहिरीवरचे पंप आणि फटफट्या दुरुस्त करणारे कारागीर भेटतील, परंतु बोटीच्या यंत्राचे सुटे भाग मागितले तर दुकानदार प्रथम गिऱ्हाइकाच्या तोंडाकडेच पाहील. तेव्हां बोटीच्या यंत्राची चर्चा या मुलखांत कां व्हावी, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत आल्यास नवल नाहीं. त्याचें उत्तर लेंडी नदीनें दिलेलें आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें शेजारच्या मुखेड तालुक्यांत एका रात्रींत इतका पाऊस झाला कीं, लेंडीच्या पाण्यानें हसनाळ, रावणगांव इत्यादि गांवें वेढलीं, माणसें दगावलीं, आणि अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठीं राज्य आपत्ती प्रतिसाद दलास व लष्करास धांवून यावें लागलें. अशा समयीं पुराच्या पाण्यावर माणसाचा भरंवसा ज्या वस्तूवर असतो, ती वस्तु म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला टांगलेलें लहानसें पेट्रोलचें यंत्र. यासच आउटबोर्ड मोटर असें म्हणतात.

हें यंत्र मुळांत आपत्तीसाठीं जन्मास आलें नव्हतें. नॉर्वेंत जन्मलेला आणि अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं स्थायिक झालेला ओले एव्हिनरूड नांवाचा कारागीर एका उन्हाळ्याच्या दिवशीं आपल्या भावी पत्नीसाठीं आइस्क्रीम आणावयास होडी वल्हवीत गेला, आणि परत येईतों तें सारें वितळून गेलें. त्यांतून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १९०९ सालीं त्यानें विक्रीस काढलेलें यंत्र दीड अश्वशक्तीचें व सुमारें २८ किलोग्रॅम वजनाचें होतें, एवढें मात्र खरें. त्यानंतर अशीं लाखों यंत्रें जगभर गेलीं. त्यांतलीं कांहीं पन्नास-साठ वर्षें उलटल्यावरहि कोणाच्या कोठारांत, कोणाच्या तळ्याकांठच्या झोपडींत, कोणाच्या वाडवडिलांची आठवण म्हणून उभीं आहेत. त्यांचें लोखंड व ॲल्युमिनियम अजून शाबूत असतें. मरतो तो त्यांतला दोन-चार रुपये किंमतीचा रबराचा किंवा बुचाचा तुकडा, आणि त्या तुकड्यावांचून सारें यंत्र निरुपयोगी होऊन बसतें.

हा तुकडा बसतो कार्ब्युरेटरमध्यें. पेट्रोल पातळ आहे तोंवर तें नीट पेट घेत नाहीं. त्याचा बारीक फवारा करून तो हवेंत योग्य प्रमाणांत मिसळावा लागतो. हें काम करणारें उपकरण जर्मनींत विल्हेल्म मायबाखनें आणि हंगेरींत डोनाट बांकी व यानोश चोन्का या जोडीनें १८९३ च्या सुमारास सिद्ध केलें. त्याची रचना समजण्यास घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढें आणावी. टाकींत पाणी चढलें कीं तरंगता गोळा वर येतो आणि नळ बंद करतो; पाणी उतरलें कीं गोळा खालीं जातो आणि नळ उघडतो. कार्ब्युरेटरच्या तळाशीं अशीच एक वाटी असते, तींत एक तरंगतें बूच असतें, आणि तें बूच एका टोंकदार सुईला वरखालीं करून पेट्रोलची वाट उघडतें व बंद करतें. वाटींतील पेट्रोलची पातळी स्थिर राहिली म्हणजे फवाराहि नेमका उडतो. सगळी मख्खी या पातळींत आहे.

आतां पॅकिंग कोठें कोठें लागतें तें पाहूं. पहिली जागा वाटी आणि वरचा भाग यांच्या सांध्यांत. येथें कागद, बूच किंवा रबर यांची चकती असते. ती गळूं लागली तर पेट्रोल बाहेर ठिबकतें. दुसरी जागा सुईच्या बैठकीखालीं. येथें तांबड्या तंतुमय पुठ्ठ्याचा एक लहान वायसर असतो. हा दिसावयास क्षुल्लक, परंतु त्याची जाडी बदलली तर सुई वर किंवा खालीं सरकते आणि वाटींतील पातळीच बदलते. तिसरी जागा पेट्रोल कमीजास्त करण्याच्या पिळाच्या सुईभोंवतीं. जुन्या अमेरिकन बोट-यंत्रांत ही सुई एका लहान पितळी नटामधून बाहेर येते, आणि त्या नटाच्या पोटांत चामड्याचे किंवा तसल्याच मऊ पदार्थाचे दोन-तीन वायसर दाबून भरलेले असतात. चौथी जागा कार्ब्युरेटर यंत्राच्या अंगाला जेथें जोडला जातो तेथें. या चौथ्या जागेकडे पुष्कळांचें दुर्लक्ष होतें, कारण येथून पेट्रोल गळत नाहीं. येथून हवा आंत जाते. हवा अधिक झाली कीं मिश्रण पातळ होतें, यंत्र विनाकारण जोरानें घुमूं लागतें आणि तापतें. दोन-स्ट्रोक यंत्रास वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्यामुळें पेट्रोल कमी पडलें कीं वंगणहि कमी पडतें, आणि पिस्टन नळीला धरतो. म्हणजे पॅकिंगचें काम दुहेरी आहे: आंतलें बाहेर जाऊं न देणें, आणि बाहेरचें आंत येऊं न देणें.

पेट्रोल बाहेर येण्याचा धोका सांगण्याची जरूर नाहीं असें वाटेल. परंतु बोटींत तो जमिनीवरच्याहून अधिक आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. रस्त्यावर ती वाऱ्यानें उडून जाते. बोटीच्या तळांत मात्र ती परातींत पाणी सांचावें तशी सांचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

हें पॅकिंग मरतें कां, याचें कारण पदार्थाच्या जातींत आहे. झाडाच्या चिकापासून केलेलें नैसर्गिक रबर पेट्रोलमध्यें फुगतें आणि लिबलिबीत होतें, म्हणून आरंभींच्या यंत्रांत बूच, चामडें व कागद यांचाच उपयोग होत असे. १९३० नंतरच्या दशकांत तेलास दाद न देणारीं कृत्रिम रबरें आलीं. त्यांतलें नायट्राइल रबर आजहि सर्वत्र वापरांत आहे. त्याच दशकांत डेन्मार्कमध्यें जन्मलेल्या आणि अमेरिकेंत राहणाऱ्या नील्स क्रिस्टेन्सेन यानें खांचेंत बसणारी रबरी कडी, म्हणजे आजची ओ-रिंग, शोधून काढली. १९३९ मध्यें तिचें पेटंट मिळालें, आणि महायुद्धाच्या काळांत अमेरिकन सरकारनें तो हक्क विकत घेऊन सर्व कारखान्यांना ती खुली केली. पुढें १९५७ च्या सुमारास व्हायटॉन हें अधिक कणखर रबर निघालें. परंतु ज्या यंत्रांविषयीं येथें बोलणें चाललें आहे, त्यांच्या पोटांत बहुधा त्याआधींचेच पदार्थ आहेत.

आणि आतां पेट्रोलच बदललें आहे. भारतांत ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं शेंकडा वीस भाग इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल प्रथम विक्रीस आलें, आणि २०२५ मध्यें देशभर तें प्रमाण गांठलें गेलें. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. तो उसाच्या मळीपासून, रसापासून आणि मका-तांदुळापासून काढतात; मराठवाड्यांतील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्याचें महत्त्व सांगावयास नको. नव्या गाड्यांचे भाग हें मिश्रण सोसतील असेच केलेले असतात. जुन्या यंत्राच्या कर्त्यानें मात्र असें पेट्रोल स्वप्नांतहि पाहिलेलें नव्हतें. त्यानें वाटींतील बुचावर चपडा लाखेचा हात दिला होता, बूच पेट्रोल पिऊं नये म्हणून. ही लाख पेट्रोलमध्यें विरघळत नाहीं. परंतु सुतार लांकडास पॉलिश करतो तेव्हां हीच लाख कशांत विरघळवितो? स्पिरिटांत, म्हणजे मद्यार्कांत! पन्नास वर्षें जें कवच टिकलें, तें नव्या पेट्रोलमध्यें हळूहळू धुऊन जातें. उघडें पडलेलें बूच पेट्रोल शोषतें, जड होतें, तरंगावयाचें सोडून बुडतें, सुई उघडी राहते, आणि वाटी भरून वाहूं लागते. मालक बिचारा चकत्या बदलीत बसतो. दोष चकतींत नसून बुचांत आहे, हें त्यास कळतच नाहीं.

मद्यार्काचा दुसरा गुण असा कीं तो हवेंतील ओल ओढून घेतो. पावसाळ्यांत अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी व मद्यार्क एकत्र होऊन तळाशीं निराळा थर करतात. तो थर वाटींत उतरला म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी चढते, बारीक जेट बुजतात, आणि नवें पॅकिंगहि व्यर्थ जातें.

अशा स्थितींत मालक कारखान्याचें नांव घेऊन सुटा भाग शोधावयास निघतो, आणि येथेंच त्याची पहिली निराशा होते. एव्हिनरूड व जॉन्सन हीं दोन नामांकित यंत्रें करणारें आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्यें दिवाळखोरींत गेलें. पुढें नव्या मालकानें एव्हिनरूडचें नांव वीस वर्षें चालविलें, आणि मे २०२० मध्यें तेंहि उत्पादन बंद झालें. परदेशांत जुन्या यंत्रांचे शौकीन पुष्कळ असल्यामुळें तिकडे अजून दुरुस्तीचे संच तयार होतात, ते डाकेनें मागवितां येतात. परंतु कित्येकदां डाकेचा व जकातीचा खर्च संचाच्या किंमतीहून अधिक भरतो, आणि कोठारांत पडून राहिलेला जुना संच असेल तर त्यांतलें रबरहि यंत्रांतल्या रबराइतकेंच म्हातारें असतें. पाकीट सीलबंद आहे म्हणून आंतील चकती ताजी, असें समजूं नये.

म्हणून शोध नांवानें न करतां मापानें करावा. रबराच्या कडीला आपण कोणत्या यंत्रांत बसणार हें ठाऊक नसतें. तिला तीनच गोष्टी माहीत: आंतला व्यास, दोऱ्याची जाडी, आणि अंगचा पदार्थ. या तीन गोष्टी जुळल्या कीं ती बोटींत काय, स्कूटरींत काय, सारखीच काम करते.

माप घेतांना मात्र एक चूक हटकून होते. बहुतेक लोक जुनी कडी काढून तिचेंच माप घेतात. ती तर दबून चपटी झालेली, किंवा फुगून लांबलेली! मेलेल्या माणसाच्या अंगावर नव्या माणसाचा सदरा बेतावा तसा हा प्रकार होय. माप घ्यावयाचें तें खांचेचें. व्हर्नियर कॅलिपरनें खांचेची खोली, रुंदी व आंतला व्यास मोजावा. सपाट सांध्यांतील कडी सुमारें पाव भाग दाबली जावी असा सर्वसाधारण अंदाज आहे, खांच १.३५ मिलिमीटर खोल असेल तर १.७८ मिलिमीटर जाडीची कडी तेथें नीट बसेल. हा १.७८ चा आंकडा विचित्र वाटतो, पण त्यामागें इतिहास आहे. अमेरिकन यंत्रें इंचाच्या मापाचीं. त्यांची बारीक कडी ०.०७० इंच जाडीची, म्हणजेच १.७८ मिलिमीटर. आपल्याकडील दुकानांत पुष्कळदां २ मिलिमीटरची पुढें केली जाते. फरक केसाएवढा, परंतु जाड कडीनें वाटी पुरती बसत नाहीं. मग कोणी स्क्रू जोरानें आंवळतो, आणि जुन्या मऊ धातूचा कान तुटून हातीं येतो. पॅकिंग दोन रुपयांचें, वाटी मात्र पुन्हां मिळावयाची नाहीं.

कडी शोधावयास देगलूरच्या बाहेर जाण्याआधीं देगलूरचाच बाजार धुंडाळावा. ज्या गांवीं ट्रॅक्टर व जेसीबी यांच्या हायड्रॉलिक नळ्या दुरुस्त होतात, त्या गांवीं ओ-रिंगांची खणाखणांची पेटी कोणाच्या तरी फळीवर असतेच. तींतल्या कड्या बहुधा नायट्राइलच्या असतात आणि पेट्रोल त्यांना पुष्कळसें मानवतें. मात्र हायड्रॉलिकच्या कांहीं कड्या फार कठीण असतात, कारण त्यांना प्रचंड दाब सोसावयाचा असतो. कार्ब्युरेटरच्या चिमुकल्या स्क्रूंना त्या दाबवत नाहींत. रबराचा कठीणपणा शोर या मापानें सांगतात. ९० ची नको, ७० ची द्या, असें स्पष्ट मागावें. फटफटीचा कारागीर दुसरा मदतगार. जावा-येझदीवर जिकोव्ह आणि बजाजच्या स्कूटरवर स्पॅको हे कार्ब्युरेटर असत. बोट-यंत्राचा कार्ब्युरेटर त्यांचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ खास आहे. त्यांच्या दुरुस्तीच्या संचांतील तंतुमय वायसर, कागदी पॅकिंग, कधीं कधीं सुईसुद्धां मापानें जुळून जाते. ज्यांच्या दारांत वडिलांची जुनी स्कूटर उभी आहे, त्यांनाहि ही सारी माहिती जशीच्या तशी लागू आहे.

येथें काम झालें नाहीं तर पुढची वाट राजधानीकडे नव्हे, हैदराबादेकडे जाते. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यांतच होता. सरहद्द बदलली तरी सुट्या भागांचा ओढा फारसा बदललेला नाहीं. सिकंदराबादच्या राणीगंजांत यंत्रसामानाचीं दुकानें दाटीनें आहेत. पुण्याकडे जाणें असेल तर दुचाकीच्या भागांसाठीं नाना पेठ, आणि मुंबईस रबरी सामानासाठीं नागदेवी स्ट्रीट. तेथें व्हायटॉनची कडी मागावी; ती नायट्राइलहून बरीच महाग असते, पण मद्यार्काच्या पेट्रोलमध्यें तिच्याइतकी टिकणारी दुसरी सहसा मिळत नाहीं. व्हायटॉन पुष्कळदां तपकिरी किंवा हिरव्या रंगाचें असतें, म्हणून रंगावर विश्वासण्याचा मोह होतो. रंग कोणत्याहि रबरास देतां येतो.

यावर उपाय घरगुती आहे. एकाच मापाच्या दोन कड्या घ्याव्या. एक घट्ट झांकणाच्या कांचेच्या बरणींत, पंपावर मिळतें त्याच पेट्रोलमध्यें, दोन दिवस बुडवून ठेवावी. बरणी घराबाहेर, सांवलींत, मुलांच्या व विस्तवाच्या आंवाक्याबाहेर असावी. दोन दिवसांनीं ती कडी दुसरीशेजारीं मांडली कीं निकाल समोर येतो. किंचित फुगणें हें सर्वांच्याच नशिबीं आहे. पण कडी उघड्या डोळ्यांना मोठी दिसूं लागली, मऊ पडली, किंवा वाळल्यावर ताणतांच तिला चिरा गेल्या, तर तो माल परत करावा.

वाटीची चकती घरीं कापतां येते. पेट्रोल सोसणारा बूच-रबराचा किंवा कागदी पॅकिंगचा ताव मोटारीच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. जुने कारागीर ताव धातूवर ठेवून हातोडीनें कडेकडेनें ठोकतात आणि आकार कापून घेतात. बिडाच्या इंजिनावर ही रीत उत्तम. कार्ब्युरेटरच्या नाजूक वाटीवर ती मुळींच करूं नये. त्याऐवजीं वाटीच्या कडेला शाईचा पुसट हात देऊन तिचा ठसा तावावर उठवावा, भोकें पंचानें आधीं पाडावीं, आणि मग कात्रीनें कड कापावी. भोकें आधीं पाडलीं म्हणजे कागद फाटत नाहीं. तावाची जाडी मूळच्या चकतीइतकीच घ्यावी. पिळाच्या सुईच्या नटासाठीं पंपाच्या दुकानांतील ग्राफाइट लावलेली बारीक दोरी दोन वेढे देऊन दाबली तरी भागतें. आणि बुडालेलें बूच? तें पूर्ण वाळवून त्यावर सायनोॲक्रिलेट चिकट्याचा, म्हणजे बाजारांत फेविक्विक म्हणून मिळतो त्याचा, पातळ हात सर्व बाजूंनीं देणें हा जुन्या यंत्रांच्या शौकिनांचा रुळलेला तोडगा आहे. लाखेचा हात पुन्हां देण्यांत अर्थ नाहीं, हें आतां सांगणें नको.

एका मोहापासून मात्र दूर राहावें. नळीमधून निघणारा सिलिकोनचा लेप सांध्याला फांसला कीं गळती तात्काळ थांबते आणि सर्वांना आनंद होतो. परंतु साधें सिलिकोन पेट्रोलमध्यें फुगून सुटतें. त्याचे तुकडे आंत जाऊन केसाएवढ्या जेटमध्यें अडकतात. नळाला गुंडाळावयाच्या पांढऱ्या फितीचेंहि तेंच. तिचे धागे सुटतात. ज्या यंत्राला पुराच्या दिवशीं पहिल्या दोन-तीन झटक्यांत सुरू व्हावयाचें आहे, त्याच्या पोटांत असला कचरा नसावा.

नवें पॅकिंग बसविल्यावर यंत्र बोटीला लावण्याआधीं उघड्या जागीं स्टँडला टांगून त्याचें खालचें टोंक पाण्याच्या पिंपांत बुडवावें, कारण पाण्यावांचून तें चालविलें तर थंडावा देणारा पंप जळतो. सुरू करण्यापूर्वीं पेट्रोलची नळी जोडून, हातपंप दाबून, पाव तास नुसतें पाहत राहावें. सांध्याखालीं पांढरा कोरडा कागद धरावा. कागद कोरडा राहिला तर सुई व चकती दोन्ही ठीक. मग यंत्र सुरू करून चौथ्या सांध्याभोंवतीं साबणाच्या पाण्याचे थेंब टाकावेत. हवा आंत जात असेल तर थेंब ओढला जातो आणि यंत्राचा आवाज बदलतो.

पावसाळा सरला आणि यंत्र कोठारांत जावयाचें असलें म्हणजे पेट्रोलची नळी काढून तें बंद पडेपर्यंत चालवावें, वाटीचा तळचा स्क्रू उघडून राहिलेला थेंब काढावा, आणि टाकीहि रिकामी करावी. ज्या कड्या यंत्रांत बसविल्या, त्यांच्याच जोडीच्या आणखी दोन-दोन कड्या एका जाड कागदाच्या पाकिटांत घालाव्या, पाकिटावर आंतला व्यास, जाडी, पदार्थ, दुकानाचें नांव आणि साल शाईनें लिहावें, आणि तें पाकीट यंत्राच्या मुठीला दोरीनें बांधून ठेवावें. पुढच्या वेळीं रात्रीं कंदिलाच्या उजेडांत झांकण उघडणारा माणूस बहुधा निराळाच असेल.